जिताड्याची वाट

कासू
२८ जून २०२५

जनूदादा,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता सुनेकडून लिहून घेतला. वैशाली तिचं नाव. रितेशच्या लग्नाला तू आला नाहीस, त्यामुळे तू तिला पाहिलेलं नाहीस. फोन केला की तुझी दिपिका सांगते, "आत्या, बाबा झोपलेत." सकाळी अकरा वाजता माणूस रोज झोपतो का? पण तिला काही बोलू नकोस. ती बिचारी मधल्यामध्ये.

कामाचं आधी लिहिते.

आपल्या बांधातल्या उघाडीवर गेली दोन वर्षं पुन्हा जाळं लागतंय. बाबांच्या हातची लाकडी उघाडी आता नाही, लोखंडी झडपा बसल्यात. पण खारातल्या शेतांचं पाणी बांधाखालून खाडीत जायला तोंड तेच एक. ओहोटीला झडप उघडली की त्या तोंडावर मिथुनचं जाळं फुगतं. मिथुन पेणच्या बाजारातला, कोळंबीचा व्यापारी. पोरगा वाईट नाही, पण जाळं मच्छरदाणीसारखं बारीक. कोळंबीबरोबर जिताड्याची वीतवीत पिल्लं त्यात येतात, पावसाळा खारात काढून खाडीकडे निघालेली. त्याला ती नकोच असतात. जाळं झाडेपर्यंत ती मरून गेलेली असतात, मग बांधावर फेकून देतो. गेल्या कार्तिकात एका सकाळी मी मोजली. एकशे चाळीस.

मी त्याला म्हटलं, "अरे, हीच खाडीच्या तोंडाशी जाऊन मोठी व्हायची, अंडी घालायची. ही गेली तर पुढच्या पावसात आत कोण येणार?"

तर म्हणतो, "मावशी, जाळ्याला डोळे नसतात."

आमच्याकडे मे महिन्यापासून मनस्वी नावाची मुलगी राहतेय. मासळीचं शिक्षण घेते, उघाडीवर मासे मोजते, मापते, वहीत लिहिते. तिच्याकडे एका जाळ्याचं चित्र आहे. जाळ्याच्या पोटात मोठ्या आसाची, मोठ्या भोकांची तिरकी पडदी. कोळंबी पडदीतून आरपार मागच्या पिशवीत जाते. पिल्लू पडदीला अडतं, वर सरकतं आणि वरच्या खिडकीतून बाहेर पडतं. चित्र सोपं दिसतं. पण बारीक आसाला मोठा आस जोडून विणायचं कसं, हे इथे आता कुणाला येत नाही. तुला येतं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत उघाडी वर्षभरासाठी कुणाला द्यायची ते ठरेल. त्याआधी असं जाळं दाखवता आलं तर लोक ऐकतील. नुसतं "जाळं नको" म्हटलं तर ऐकणार नाहीत. ते आपण एकदा बघितलंय.

चित्र सोबत ठेवलंय. घरी रितेश, वैशाली आणि मी. बाकी तुला ठाऊक आहे.

मालू


१३ जुलै

जनूदादा,

उत्तर नाही. पण चित्रही परत आलं नाही, म्हणजे घरात कुठेतरी आहे.

परवाच्या पौर्णिमेचं उधाण मोठं होतं. मी बांधावर जाऊन बसले. वैशाली सध्या हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात जाते, डोळे आखायला. त्यामुळे घरात बसून करायचं काय? बांधावर बसले की बाबा आठवतात. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे, डोक्यावर गोणपाट, आणि उघाडीची खालची फळी दोन्ही हातांनी वर धरलेली. सगळ्या फळ्या लावल्या की पाणी अडायचं, पण आषाढातल्या उधाणाला ते खालची एक फळी थोडा वेळ वर ठेवायचे. लोक भांडायचे, खारं पाणी शेतात येईल म्हणून. बाबा म्हणायचे, "घटकाभर येईल, पावसानं धुऊन जाईल. त्यांना जायला वाट दिली नाय तर ती पोरं घेऊन येतील कुठून?"

ती म्हणजे जिताडी. तळ्यातली, मोठी, आपल्या कमरेएवढी. अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे निघालेली.

तू बांधावर पालथा पडून हात पाण्यात सोडायचास. शिवा तुझे पाय धरून बसायचा, तू वाहून जाऊ नयेस म्हणून. मी तुमच्या मागे. बाबांची सक्त ताकीद, हात लावा पण पकडू नका. एकदा तू मला पुढे घेतलंस. मी सात वर्षांची असेन. पाणी गढूळ, काही दिसत नव्हतं, आणि एकदम माझ्या तळव्याखालून काहीतरी थंड, जड, खवल्याखवल्यांचं सरकत गेलं. संपेचना. मी ओरडले. तू म्हणालास, "वरडू नको गो, ती लाजते." मला ते खरंच वाटलं होतं. कितीतरी वर्षं मी मासळीबाजारात जिताड्याकडे नीट बघायची नाही.

आई सुकवलेली कैरी घालून कालवण करायची, तेही आठवलं. वर्षातून दोनदाच. एकदा गौरीनंतर आणि एकदा आत्या माहेरी आली की. तळ्यात एवढी जिताडी असताना दोनदाच का, असं तू विचारलंस तेव्हा आई म्हणाली, "रोज खाल्लं तर पावण्याला काय वाढू?" आता तळ्यात वर्षाला तीन-चार निघतात. मनस्वी म्हणते, खाडीतही तीच गत आहे.

मिठागरावरचे दिवसही आठवले. तू आणि शिवा डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन एकमेकांच्या पुढे पळायचात. माझं लग्न शिवाशी ठरलं तेव्हा सगळ्यात आधी तू नाचलास. तुझी बहीण उजवली म्हणून नाही, तुझा मित्र घरात आला म्हणून.

त्या कार्तिकात जे झालं ते झालं. त्यावर आता लिहीत नाही. जाळ्याचं तेवढं बघ.

मालू


२६ जुलै

जनूदादा,

मीच विणायला घेतलं. मनस्वीने मोबाइलवर दाखवलं, मी सुई धरली. आठ दिवस खपले. जोडाची गाठ कुठे आवळायची, कुठे सैल ठेवायची, ते माझ्या हाताला कळेना. अमावास्येच्या ओहोटीला जाळं लावून बघितलं. पाण्याचा लोट आला तशी पडदी पिळून दोरी झाली आणि खिडकी खाली गेली. अर्धी कोळंबी बाहेर, पिल्लं सगळी आत. बरोबर उलटं. पिल्लं बादलीत सोडून मनस्वीने खाडीत नेली, तरी अकरा मेली. माझ्या जाळ्यात.

मिथुन हसला नाही. म्हणाला, "मावशी, तुमचं खरं हाय, पण असं जाळं लावलं तर मी खाऊ काय?" त्याचं काय चुकलं? तू सुद्धा हेच म्हणाला होतास. मिठागर बंद पडलं होतं, फुटलेल्या बांधाने शेत खारं केलं होतं, तुझ्या हितेशचं रोह्याला शिक्षण चालू होतं. तू म्हणालास, "मासा येतो तसा पकडतो. निवडून कसा पकडू?" तेव्हा मला तुझा राग आला. तुझ्या प्रश्नाला उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं.

आम्ही जाळं गुंडाळत होतो तेव्हा आळीतला केरू बांधावरून जात होता. थांबला आणि म्हणाला, "कशाला विणत बसलीस गो? तुझ्या नवऱ्यानं कापलं तसं कापून टाक नि मोकळी हो."

सगळे हसले. मीही हसले.

घरी आले. भात लावला. जेवले नाही.

मालू


२ ऑगस्ट

दादा,

ते जाळं मी कापलं होतं. शिवाने नाही.

हे एक वाक्य लिहायला सहा वर्षं लागली आणि कालचा अख्खा दिवस. आता सगळं लिहिते. वाच, मग पाहिजे तर फाड.

कार्तिकी पौर्णिमेचा दुसरा दिवस. सगळा गाव हमरापूरला हळदीच्या जेवणाला गेला होता. मी डोकं दुखतंय म्हणून राहिले. दुखत नव्हतं. सकाळी बांधावर तू टाकलेली पिल्लं पाहिली होती. काही अजून तोंड उघडत होती. आदल्या महिनाभर मी तुला सांगून थकले होते, ग्रामसभेत तुझ्याविरुद्ध बोलले होते, आणि तू म्हणाला होतास, "बाबा गेला, आता उघाडी मी बघतो. तू तुझं घर बघ." ते मला लागलं होतं. पिल्लांचं दुःख खरं होतं, पण कोयता उचलला तो त्या वाक्यासाठी. हेही लिहायलाच हवं.

भर दुपारी तीन वाजता मी पाण्यात उतरले आणि दोऱ्या कापल्या. जाळं पाण्याबरोबर खाडीत गेलं. वळले तर बांधावर शिवा उभा. मला बरं नाही म्हणून जेवण अर्धं टाकून तो घरी आला होता. त्याने माझ्या हातातला कोयता घेतला, धुतला, कमरेला लावला. म्हणाला, "घरी जा. पदर पीळ."

संध्याकाळी तू आलास. अंगणात त्याची गचांडी धरलीस. अर्धी आळी गोळा झाली. तू विचारलंस, "तू कापलंस?" आणि तो म्हणाला, "व्हय. मीच."

मी दारात उभी होते. हातात सूप होतं. मी तांदूळ पाखडत राहिले.

सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, असं का केलंस. तो म्हणाला, "जनू मना चार दिवस शिव्या घालील नि पाचव्या दिवशी विडी मागायला येईल. तुझ्यावर रुसला तर जन्मात बोलायचा नाय. मी वळखतो त्याला."

एवढंच त्याचं चुकलं. पाचव्या दिवशी तू बिऱ्हाड बांधून रोह्याला हितेशकडे गेलास.

मी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू असं करत राहिले. मग तीन वर्षांपूर्वी त्याला ताप भरला. पेणला दवाखान्यात पाच दिवस होता. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "जनूला कळवलंस?" मी हो म्हटलं. "येतोय?" मी म्हटलं, येतोय. मी तुला कळवलंच नव्हतं. तू आलास तर तो मरताना खरं बोलेल, ही भीती. तुला कळलं ते तो गेल्यावर, दुसऱ्यांकडून.

दहाव्याला तू कासू स्टेशनवर उतरला होतास, बाकावर तासभर बसलास आणि परतीच्या गाडीने गेलास, हे मला चहावाल्याने सांगितलं. ज्याने तुझं काही बिघडवलं नव्हतं त्याच्या दहाव्याला तू येऊ शकला नाहीस, ते माझ्यामुळे.

अजून एक. कापलेलं जाळं तिसऱ्या दिवशी मला दिसलं, खाली खाडीत तिवराच्या झाडांना गुंडाळलेलं. त्यात एक मोठी जिताडी अडकून मेली होती. अंगावरची खवली सोलून निघाली होती, इतकी धडपडली असेल. मी ते जाळं ओढून काढायचा प्रयत्न केला. मला एकटीला जमलं नाही. कुणाला हाक मारायचीही सोय नव्हती. पुढे महिनाभर त्यात काय काय अडकत राहिलं, मी बघत राहिले.

शनिवारी राखी आहे. पाठवत नाही. या पत्राबरोबर ती पाठवायचा मला हक्क नाही.

जाळं नाही विणलंस तरी चालेल.

मालू


रोहा
१२ ऑगस्ट

मालू,

दिपिका जाळं घेऊन उद्या सकाळच्या गाडीने कासूला उतरेल, हे पत्र तिच्याकडेच देतो. रितेशला स्टेशनवर बोलवायला तिला फोन करायला सांगितलंय, ओझं जड आहे.

पडदी छपराच्या उतारासारखी बांध, जास्त उभी नको. खिडकीच्या काठाला दोन तरंगे लावलेत ते काढू नको, नायतर लोटाला खिडकी बुडते. तुझी म्हणूनच बुडाली. जोडाला दर तिसऱ्या गाठीला एक आस सोडलाय. चित्रातला पडदीचा आस चुकीचा आहे, मोठी कोळंबी अडकेल. त्या मुलीला सांग, मी बदललाय.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी विणायला घेतलं होतं. तुला कळवलं नाय. शेवटचं पत्र आलं त्यानंतर चार दिवस सुई धरली नाय. मग पुरं केलं ते शिवासाठी केलं. तुझ्यासाठी नाय.

मी त्याला आळीसमोर नको ते बोललो. त्याच्या आईवरून बोललो. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, किती निगरगट्ट आहे. हे आता मी कुणाला सांगू?

बांधावरची पिल्लं मला दिसत नव्हती असं समजू नको. कावळे यायच्या आत मी त्यांच्यावर चिखल ओढायचो.

तुला काय लिहावं ते कळत नाय. म्हणून थांबतो.

जनार्दन


कासू
२१ ऑगस्ट

दादा,

जाळं पोचलं. दिपिका गोड पोरगी आहे, जेवून गेली.

चौदा तारखेला सकाळी ओहोटीला लावलं. मनस्वीने खिडकीच्या बाहेर दुसरी छोटी जाळी बांधली, बाहेर पडेल ते मोजायला. मिथुनही पाण्यात उतरला. लोट आला, जाळं फुगलं, पडदी ताठ राहिली. तरंगे वर. आम्ही दोन तास उभे. आधी काहीच दिसेना. मग खिडकीपाशी पाणी हललं आणि एक पिल्लू बाहेर आलं. चांदीसारखं. मग दुसरं. मनस्वी मोठ्याने आकडे म्हणत होती आणि मिथुन तिच्या मागून म्हणायला लागला. सव्वीस बाहेर. पिशवीत तीन, तीही जिवंत. कोळंबी मिथुनने स्वतः मोजली. टोपलीत चार बोटं कमी भरली, बस. तो म्हणाला, "एवढं चालंल. वर मासा निवडायचा नाय, तो वेळ वाचंल."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा. मनस्वीने आकडे वाचले. लोक ऐकत होते. मग केरू उठला. म्हणाला, "जाळं कसंबी लावा. मनात आलं की कापायला माणसं हायतच या गावात. शिवानं शिकवलंय."

मी उभी राहिले. म्हटलं, "शिवानं नाय कापलं. मी कापलं. तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी त्याला बोलू दिलं. ज्यांनी त्याला नावं ठेवली त्यांनी आता मला ठेवा."

केरूने मान खाली घातली. मग काशीबाई मागून म्हणाली, "मग इतकी वर्षं गप का ऱ्हायलीस गो?"

मी म्हटलं, "भ्याले."

रितेश तिथेच होता. त्याला हे माहीत नव्हतं. शाळेत असताना पोरांनी त्याला "जाळंकाप्याचा" म्हणून चिडवलं होतं, ते मला त्या दिवशी वैशालीने सांगितलं. तो सभेतून उठून गेला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही, ताट खोलीत न्यायचा. काल समोर येऊन बसला. मीठ मागितलं.

ठराव झाला. उघाडी मिथुनला, पण पडदीचं जाळं असेल तरच. आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मागे-पुढे दोन दिवस उघाडीवर कुणाचंच जाळं नाही, दिवाळीपर्यंत. पलीकडच्या दोन गावांनी आपलं जाळं बघायला माणसं पाठवलीत. ते विचारतात, कुणी विणलं? मी तुझं नाव सांगते. पुढे काय सांगायचं ते तू ठरव.

आता शेवटचं. पितृपक्षात दशमीला, सोळा सप्टेंबर, मंगळवार, शिवाचं श्राद्ध आहे. त्याच्या पानाला आजवर मित्र म्हणून कुणी बसलेलं नाही. तू ये. मी समोर असले तर तुझ्या घशाखाली घास उतरणार नाही, हे मला समजतं. म्हणून स्वयंपाक करून मी त्या दिवशी उघाडीवर जाऊन बसेन. वैशाली वाढेल, रितेश तुझ्या शेजारी बसेल. जेवून तू सरळ स्टेशनवर गेलास तरी चालेल. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही.

मी माफी मागत नाही. ज्याची मागायची तो नाही.

मालू


रोहा
८ सप्टेंबर

मालू,

मंगळवारी येतो. दिपिकाला आणि हितेशलाही घेऊन येतो, त्याने शिफ्ट बदलून घेतलीय.

त्या दिवशी तू घरातून जायचं नाय. शिवाच्या पानाला तूच वाढ. मी तुझ्याशी बोलेन असं नाय. जमेल तेवढं बोलेन.

जनूदादा